भाड्याची मदत आणि भाभीजींच्या कपबश्या

कमलची आमटी माझ्या आमटीपेक्षा चांगली व्हायची, हे आधीच सांगून मोकळी होते. नाहीतर पुढचं सगळं लिहिताना ते माझ्या घशात अडकून राहील. तूरडाळ एकाच दुकानातली, गूळ एकाच ढेपेतला, चिंच तर माझ्याच बरणीतली अर्धी तिला दिलेली. तरी शेजारून तिच्या फोडणीचा आवाज आला, की आमचे हे जेवता जेवता मान वर करायचे. बोलायचे काही नाहीत. नुसती मान वर करायचे, आणि मला ती दिसायची. मग मी म्हणायचे, "जा ना, वाटी घेऊन जा तिच्याकडं." टोमणा कळायचा नाही म्हणा, की कळून सोडून द्यायचे म्हणा, ते हसत हसत खरंच वाटी घेऊन जायचे आणि भरून आणायचे. वर मलाही वाढायचे. मी खायचेसुद्धा, कारण आमटी खरोखरच चांगली असायची.

आम्ही तेव्हा राजवाड्याच्या मागे एका बाखळीत राहत होतो. मधे फरसबंद चौक, चौकात एक नळ आणि भोवती एकेका खोलीचे संसार, अशी ती बाखळ. इंटर झाल्याबरोबर माझं लग्न लागलं. सासर शाजापूरचं. यांना सियागंजातल्या एका किराणा पेढीवर काम मिळालं होतं, म्हणून आम्ही दोघं इंदुरात; आणि इंदुरात आहोतच तर तू बी.ए. करून टाक, हेही यांनीच सुचवलेलं. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं नाही, एवढंच म्हणाल्या, "खोलीचं भाडं निघतंय तोवर शिका. नाही निघालं तर नलूनं इकडं यावं, घरात कामाला माणूस हवंच आहे." हे वाक्य मी कॉलेजात जाताना दप्तराबरोबर रोज घेऊन जात असे. शाजापूरच्या त्या घरात चुलीजवळच्या भिंतीला एक काळा पट्टा होता, बसणाऱ्या बाईची पाठ टेकून टेकून झालेला. मला तो डोळ्यांसमोर दिसायचा, आणि मी पुन्हा पुस्तकात डोकं घालायचे.

यांच्या पेढीवर हिंगाचा मोठा व्यापार होता. दिवसभर हे ते डबे उघडणार, फोडणार, तोलणार. घरी आले की त्यांच्याआधी हिंग आत यायचा. सदरा धुतला तरी हिंग, उशीला हिंग, माझ्या पुस्तकांना हिंग. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली हळूच नाकाला रुमाल लावायच्या. मी तिथं हसून घ्यायचे आणि घरी येऊन यांच्यावर चिडायचे. ते म्हणायचे, "अगं, लोक पैसे देऊन घेतात हा वास. तुला फुकटात मिळतो, तर नखरे!"

आणि शेजारच्या खोलीत काय, तर हार्मोनियम. कमलचा नवरा एका शाळेत गाणं शिकवायचा, तात्पुरता. शाळा चालू तोवर पगार, सुट्टी लागली की पगारही सुट्टीवर. पण संध्याकाळी तो पेटी घेऊन बसला की अख्खी बाखळ नळावरच्या बादल्या जरा हळू ठेवायची. त्याला सगळे मास्तर म्हणत. हा मास्तर बायकोला "अहो कमल" म्हणून हाक मारायचा! अहो कमल, पाणी देता का? अहो कमल, आज कॉलेजात काय झालं? आमच्याकडं "अगं ए" होतं. मी एकदा यांना म्हटलं, तुम्ही पण म्हणून बघा. त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, "अहो नलू" म्हणाले, आणि आम्हा दोघांनाही इतकं हसू फुटलं की चहा उतू गेला. पण हसून झाल्यावर मला रडू आलं, ते काही मी त्यांना दिसू दिलं नाही.

कमल माझ्याच वर्गात होती. देवासची मुलगी, उंच, सावळी, आणि इतकी शांत की तिच्याशी भांडण काढायलाही जागा सापडू नये. तिचा निबंध सरांनी वर्गात वाचून दाखवला त्या दिवशी मी तिच्याबरोबर घरी चालत आले, सगळ्या रस्त्यानं तिचं कौतुक केलं, आणि घरी येऊन पोळ्या जाळल्या. मत्सर वाईट असतो हे मला ठाऊक होतं, अजूनही ठाऊक आहे. ठाऊक असल्यानं तो कमी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्या शेजारी कमल राहत नसावी.

बी.ए.च्या दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर मालकानं भाडं वाढवलं. हे दोन दिवस हिशेब मांडत बसले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आईला पत्र टाकावं लागेल बहुतेक." मी रात्रीची भांडी घासत होते. घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसले.

तेवढ्यात कॉलेजातून कळलं, की आमच्या मराठी समाजातली एक संस्था लग्न झालेल्या शिकणाऱ्या मुलींना घरभाड्याची मदत देते. शिक्षण पुरं होईतो भाडं थेट मालकाला पोचवतात. मुलगी कॉलेजात असावी, नवऱ्याची कमाई बेताची असावी, आणि दोघं नीट एकत्र राहत असावीत. ते पाहायला संस्थेची माणसं घरी येतात. आमच्या भागातून त्या वर्षी एकीलाच मदत मिळणार होती. मी अर्ज केला. कमलनंही केला. तिचंही भाडं वाढलं होतंच की, मालक एकच.

आता गंमत बघा. इतके दिवस मी मनातल्या मनात हेवा करायचे, की मास्तरांना समाजात मान आहे, आमच्या यांच्या अंगाला हिंग आहे. आणि आता अचानक मला हेवा वाटू लागला, की मास्तरांची कमाई आमच्या यांच्यापेक्षा कमी आहे! नळावर आम्ही दोघी आपापल्या नवऱ्याचं दारिद्र्य एकमेकींना ऐकवू लागलो. म्हणजे ऐकवायचे मीच. "यांचा सेठ तर बाई, सणालासुद्धा हात आखडता घेतो," मी म्हणायचे. कमल बादली उचलून शांतपणे म्हणायची, "सेठ आहे तरी ना! आमच्याकडं तर उन्हाळ्यात कोणीच नसतो." आणि निघून जायची. त्यातही तिचीच सरशी.

पाहुणे येण्याचा दिवस ठरला. एकाच दुपारी दोन्ही घरं, आधी कमलचं, मग माझं. इथं आमच्या बाखळीची एक रीत सांगायला हवी. पाहुणे कोणाकडंही येवोत, सामान सगळ्या बाखळीचं. कंपाउंडरांच्या दोन वेताच्या खुर्च्या, मिलमधल्या जॉबरच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ, कोपऱ्यातल्या खोलीची सतरंजी, आणि भाभीजींच्या गुलाबाच्या फुलांच्या कपबश्या. भाभीजी माळव्यातल्या, चौकासमोरच्या मोठ्या खोलीत राहायच्या आणि सगळ्या बाखळीवर हुकूम चालवायच्या. मुलगी दाखवायची असो, बारसं असो, हे सामान त्या त्या घरी आपोआप जायचं आणि काम झालं की परत यायचं. कोणी मागत नसे, कोणी आभार मानत नसे. त्यामुळे सकाळी भाभीजी कपबश्यांची टोपली घेऊन निघाल्या तेव्हा कोणालाच काही वावगं वाटलं नाही. गरिबी पाहायला येणाऱ्यांसाठी खोली सजवू नये, हे सुचायला हवं होतं. मला थोडंसं सुचलंही होतं. पण कमलच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या दिसल्या, घड्याळ लागलेलं दिसलं, आणि मग माझी खोली उघडी राहणं मला सोसेना.

"भाभीजी, माझ्याकडं काय मांडायचं मग?" मी विचारलं.

"अरे बई, योज सामान!" भाभीजी म्हणाल्या. "पावणा कमल के यां चाय पी ले, फेर थारे यां. पीछे की गॅलरी से सब लई आवांगा. तू फिकर मत कर."

आमच्या खोल्यांच्या मागून एक अरुंद गॅलरी जात होती, तिच्यातून तेच सामान माझ्याकडं यायचं होतं. त्या गॅलरीतून त्या दुपारी जे झालं, ते आठवलं की अजून हसू येतं.

पाहुणे दोन होते. नानासाहेब म्हणून एक जाडसर म्हातारे गृहस्थ, काठी घेतलेले, आणि माई, पांढऱ्या लुगड्यातल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. कमलकडं त्यांचं बोलणं चाललेलं मला भिंतीतून ऐकू येत होतं. नानासाहेबांनी विचारलं, "मास्तर, कसं काय चाललंय?" मास्तर म्हणाले, "शाळा चालू तोवर ठीक आहे. सुट्टीत मी पेटी वाजवतो आणि अहो कमल डाळीत पाणी वाढवतात." माई हसल्या. मग चहा झाला. ते बाहेर पडले तशी भाभीजींनी ठरल्याप्रमाणं त्यांना चौकात गाठलं आणि भुट्ट्याच्या किसाची बशी पुढं केली. इंदुरात कोणी किसाला नाही म्हणत नाही. ते खात होते तेवढ्यात मागच्या गॅलरीतून खुर्च्या आल्या, सतरंजी आली, जॉबर स्वतः घड्याळ पोटाशी धरून आला, आणि कमल पदर खोचून विसळलेल्या कपबश्या घेऊन आली. आली ती चहाला मदत म्हणून माझ्याकडंच थांबली. मला नको होती ती तिथं. पण तिच्याकडं मी मघाशी आधण ठेवून दिलं होतं, आता तिची पाळी होती, रीतच तशी.

नानासाहेब आत आले, खुर्चीसमोर उभे राहिले आणि बसले नाहीत. वेताची एक काडी तुटून वर आलेली होती. ते तिच्याकडं पाहत म्हणाले, "या खुर्चीची आणि माझी मघाशीच ओळख झालीय." आणि काठी टेकत सतरंजीवर बसले.

माईंनी कप हातात घेतला. त्याच्या काठाला टवका उडालेला होता. माईंनी न बघताच तो फिरवून टवका पलीकडं केला, जणू रोजचा त्यांच्या घरचाच कप. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडं.

मी बोलणारच होते. खरंच बोलणार होते. शब्द तोंडात आले होते. पण कमल आधी बोलली.

"माई, खरं सांगते," ती म्हणाली, "हे सामान कोणा एकाचं नाही. बाखळीत कोणाकडं पण पाहुणे आले का सगळं तिथं जातं. माझ्याकडं बघितलं ते पण माझं नव्हतं. तिथं फक्त पेटी आमची. आणि इथं ते पुस्तकांचं टेबल नलूचं. खोका आहे खरं म्हणजे, वर चादर टाकलीये."

नानासाहेब मोठ्यानं हसले. माईंनी उठून चादर उचलली. खाली हिंगाचा लाकडी खोका होता, पेढीवरून आणलेला. माई त्यावरच्या पुस्तकांवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून मला वाटलं, झालं, आता हो म्हणणार. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात काय होतं? की खरं बोलायचा मानसुद्धा हिनंच पटकावला. माझ्याच घरात.

तेवढ्यात हे आले. सेठकडून खास सुट्टी घेऊन, घामाघूम, आणि हातात पुडी. पुडी सोडून त्यांनी बशीत ओतली: पिस्ते, काजू. पेढीवरचेच, फुटके, पण बशीत पडल्यावर काजू तो काजूच दिसतो. नानासाहेबांनी एक उचलला आणि विचारलं, "काय मग, कसं काय चाललंय?"

हे हात जोडून, तोंडभर हसून म्हणाले, "आपल्या कृपेनं उत्तम चाललंय, नाना. काही कमी नाही."

त्यांच्या वडिलांनी, आजोबांनी, दारी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हेच उत्तर दिलेलं होतं. घरात पीठ नसतानाही दिलेलं होतं. भल्या माणसानं विचारलं तर भला माणूस असंच म्हणतो. यांनीही तेच म्हटलं. त्यांना सुचलंही नाही, की आज हा प्रश्न खराखुरा विचारलेला आहे. मी यांच्याकडं पाहिलं, डोळे मोठे केले, पण हे नानासाहेबांना आणखी काजू घ्यायचा आग्रह करत होते.

माईंनी हळूच चादर परत खोक्यावर टाकली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुझा नवरा फार चांगला आहे गं." मी खाली वाकले तेव्हाच मला कळलं.

मदत कमलला मिळाली. नवऱ्याची कमाई कायमची नाही, हे कारण. ते खरंच होतं, आणि खरं असल्यामुळं मला जास्तच झोंबलं. हे दोन दिवस गुन्हेगारासारखे वावरले. मी त्यांना काही बोलले नाही. चांगल्या माणसाला काय बोलायचं? मी मात्र कमल असताना नळावर जाणं सोडलं, तिची पाठ फिरली की मगच पाणी भरायचे. शाजापूरला पत्र गेलं. सासूबाईंचं उत्तर आलं, की महिना संपला की नलूला आणून सोड.

त्या संध्याकाळी कमल आली ती दारातच उभी राहिली. आत ये म्हणायची माझी इच्छा नव्हती, म्हणून मी म्हटलं नाही.

"खोली सोडून दे," ती म्हणाली.

"सोडतेच आहे. तुला आनंद झाला असेल."

तिनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "तू माझ्याकडं राहायला ये. माझं भाडं तर आता संस्था देते. भाऊजींना सेठ पेढीवरच झोपू देईल, त्यांना राखणीला माणूस पायजेच असतो. मास्तर पण तिथंच जातील. मी बोलली त्यांच्याशी, ते तयार आहेत. दिवसा सगळे इथं जेवू. परीक्षेपर्यंत तर निभेल ना?"

मी म्हटलं, "संस्थेला चालेल?"

"मी माईंना विचारून आली." आणि मग ती जरा हसली. "माई म्हणाल्या, दोघींत एक खोली, मग तर आमचं भाडं दुप्पट कामाला लागलं."

नाही म्हणावं असं मला फार वाटलं. इतकं वाटलं की जीभ दाताखाली धरून ठेवली. मग तो शाजापूरच्या भिंतीवरचा काळा पट्टा डोळ्यांपुढं आला आणि मी हो म्हटलं.

परीक्षेपर्यंत मी कमलच्या खोलीत राहिले. हिंगाचा खोका तिच्या पेटीशेजारी लागला. संध्याकाळी मास्तर वाजवायचे, हे दाराशी बसून ऐकायचे, मग दोघं कंदील घेऊन सियागंजकडं निघायचे. "चला भिया," मास्तर म्हणायचे, आणि भिया, म्हणजे आमचे हे, निघायचे. काही दिवसांनी मास्तरांच्या सदऱ्यालाही हिंगाचा वास येऊ लागला. तेव्हा मला थोडं बरं वाटलं, कशाला खोटं बोलू. कमलनं त्या वासाबद्दल एक शब्द काढला नाही. आमटी तीच करायची. चिरणं, निवडणं, भांडी माझ्याकडं. अभ्यासाला बसलो की तिचा दिवा ती माझ्या बाजूला सरकवायची, मी तिच्या बाजूला, आणि मग तो मधेच कुठंतरी राहायचा. दोघी पास झालो. तिचा नंबर माझ्या वर आला, हे सांगायला नकोच. पुढं मला शाळेत नोकरी लागली आणि आम्ही आमची खोली घेतली. शाजापूरला मी सणापुरती गेले, चुलीजवळ बसले, आणि उठून आले.

आता इतक्या वर्षांनी हे लिहिताना मी स्वतःला विचारून पाहिलं, की अजून काय शिल्लक आहे. आमटीचं शिल्लक नाही. निबंधाचं नाही, "अहो कमल"चंही नाही. मास्तर गेले, हेही गेले, आता कोण कोणाला हाक मारतं! मदत तिला मिळाली ह्याचंही काही उरलेलं नाही. पण त्या दिवशी दारात उभी राहून ती "ये" म्हणू शकली, आणि मला फक्त "हो" म्हणता आलं, ते अजून आहे. तिच्या जागी मी असते तर मी म्हटलं असतं का, माहीत नाही. मला म्हणायची संधी मिळाली नाही, याचाच राग येतो.

इंदुरातच भंवरकुआंच्या बाजूला मुलानं घर बांधलं. वरच्या खोल्यांत परीक्षांची तयारी करणारी मुलं भाड्यानं राहतात, खाली आम्ही, आणि मागची एक खोली रिकामी आहे. कमल देवासला एकटी असते, गुडघ्यांनी हैराण. मी तिला गेली दोन वर्षं सांगतेय, ये, इथं राहा. ती विषय बदलते. मी चिडते, फोन ठेवते, आठवड्यानं पुन्हा करते. परवा शेवटी ती म्हणाली, "येते. पण भाडं काय घेशील?"

"वेडी आहेस का? तुझ्याकडून भाडं?"

"फुकट नाही राहणार मी. रोज आमटी करीन."

म्हणजे इथंही देणारी तीच! घर माझं, खोली माझी, आणि नातवंडं जेवताना मान वर करणार ती तिच्या आमटीसाठी. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की मग राहूच दे.

"बरं," मी म्हटलं. "ये."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून पाहिले. तूरडाळ होती, गूळ होता, चिंच होती. हिंग संपत आला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, पण मुलाला म्हटलं, कितीही गर्दी असू दे, सियागंजातूनच आण.